ज्ञानूच्या सदऱ्याचे जाकीट

१९७४ सालच्या माघ महिन्यात माण तालुक्यातील एका वाडीवर ज्ञानू नावाच्या माणसाचा सदरा कापण्यात आला. कापला त्याच्या बायकोने, हौसाने. तिच्यापुढे तो ठेवला ज्ञानूच्या आईने, तानूबाईने. ज्ञानू घरी नव्हता. दुष्काळात तो मुंबईला गेला होता. त्या सदऱ्याचे जाकीट झाले. चैत्रात ते मी साताऱ्यात पाहिले आणि माझा पुढचा सगळा प्रवास त्या जाकिटामुळे घडला. वाडीचे नाव मुद्दाम देत नाही.

सातारा

साताऱ्याला मी गेलो होतो तो निर्मलाताईंवर लेख लिहायला. शुक्रवार पेठेत वरच्या मजल्यावर त्यांच्या दोन खोल्या आहेत. खाली पाटी नाही. विचारले तर पेठेतली माणसे ‘त्या गोधडीवाल्या बाई’ म्हणून जिना दाखवतात. पूर्वी त्या शिवणाच्या वर्गात शिकवत. ते सोडून त्यांनी स्वतःच्या कल्पनेने कपडे करायला घेतले. दुकानांच्या मागणीप्रमाणे त्या काही करत नाहीत. मुंबईच्या मासिकांत ज्यांना फॅशन डिझायनर म्हणतात, तसे तुम्हाला म्हणावे का, असे मी विचारले.

“फॅशन वर्षाला बदलते,” त्या म्हणाल्या. “माझ्याकडे येणारं कापड आधीच कुणीतरी वीस वर्षं अंगावर घातलेलं असतं. ते आता आणखी काय बदलणार?”

त्यांची पद्धत अशी. जाकिटाचा बेत त्या जुन्या वर्तमानपत्रावर आखतात, कापतात आणि माण तालुक्यातल्या चार घरी पाठवतात. तिथल्या बायका घरातली जुनी लुगडी, धोतरे, खणाच्या चोळ्या एकावर एक ठेवून वाकळेला म्हणजे गोधडीला घालतात तसाच धावदोरा घालतात, फक्त त्या कागदाच्या आकारात. कोणता तुकडा कुठे बसवायचा हे शिवणारी ठरवते. तयार भाग साताऱ्याला आले की निर्मलाताई खांदे जोडतात, बाह्या चढवतात आणि कापडाची बटणे करून लावतात.

खोलीत दोरीवर जाकिटे टांगलेली होती. एकाच्या गळ्याभोवती इरकली काठ फिरला होता. एकाची पाठ विटलेल्या हिरव्या लुगड्याची होती आणि त्यावर तांबडी पट्टी मणक्यावरून सरळ खाली आली होती, शेतात बांध घालावा तशी. पांढरे जाकीट सगळ्यांत शेवटी होते. बाकीच्यांत तुकडे होते. याची पाठ अखंड होती. जाड मांजरपाट, धुऊन धुऊन मऊ पडलेला, आणि त्यावर पांढऱ्याच दोऱ्याचा धावदोरा. समोरून पाहिले तर काही दिसत नव्हते. खिडकीशी आडवे धरले की नांगरटीसारख्या ओळी उठत होत्या. दोन ओळींत तांदळाचा दाणा मावला नसता. आत डाव्या बाजूला एक खिसा होता. त्याचे तोंड शिवून बंद केले होते.

“हे हौसाचं काम,” निर्मलाताई म्हणाल्या. “शिवते ती नेहमीच चांगलं. पण असं कधी शिवलं नव्हतं. बंद खिसा! मला सुचला असता तर मी चार दिवस मिरवले असते.”

हातमागाच्या आणि भरतकामाच्या प्रदर्शनांवर मी बरीच वर्षे मजकूर लिहीत आलो आहे. एवढे चांगले काम माझ्या पाहण्यात नव्हते.

दुपारी सांगलीचे उस्मानभाई आले. ते नाटकांचे पोशाख करतात. बेत त्यांचा, कापड त्यांचे, शिलाई त्यांचीच. जुन्या शालूंचे जरीकाठ सोडवून ते राजांचे अंगरखे करतात. त्यांनी पांढरे जाकीट दोरीवरून काढले आणि कॉलर बोटाने दाबून पाहिली. ती पुन्हा उभी राहिली.

“ताई, हे मी नेतो.”

“नाटकात घालणार?”

“नाटकात कशाला? राजाला घातलं तर राजा गरीब दिसंल. ही कॉलर खळ न घालता उभी राहतीय कशी, ते बघायचंय.”

“उसवणार असाल तर देत नाही.”

“आता उसवल्याबिगर कुणाची विद्या कळलीय का ताई? तुमची कळली असती तर मी कवाच सातारकर झालो असतो.”

निर्मलाताई हसल्या. उस्मानभाईंनी जाकीट वर्तमानपत्रात गुंडाळले आणि ते सांगलीच्या गाडीला गेले.

पांढरे कापड कोणाचे होते, असे मी विचारले. हौसाच्या सासऱ्याचे असावे, असे निर्मलाताईंनी सांगितले. त्या भागात एक रीत आहे. माणूस बाहेरगावी असेल तर त्याच्या कपड्यांना कात्री लावत नाहीत. मुंबईला गेलेल्याचा सदरा तो येईपर्यंत पेटीत घडी करून राहतो. माणूस वारला की मग ते कापड शिवणात घेतात, तेही घरातल्या मोठ्या बाईने आपल्या हाताने काढून दिले तरच. ती बोलत नाही. कापड पुढे ठेवते. घेणारीनेही काही विचारायचे नसते. आमच्याकडे नाशिकला जुने कपडे बोहारणीला देऊन भांडी घेतात. वडिलांचे कोट देऊन आईने घेतलेले पातेले अजून घरात आहे. कपडे कोणाचे, हा प्रश्न बोहारणीने विचारला नव्हता.

दहिवडीच्या पुढे

दुसऱ्या दिवशी मी आणि निर्मलाताई हौसाला भेटायला निघालो. पुसेगावच्या पुढे गाडीचे चाक बसले. ते बदलेपर्यंत आम्ही रस्त्याच्या कडेला खडीच्या ढिगावर बसलो. दुष्काळी कामावर फोडलेली ही खडी मैलोन् मैल तशीच पडून आहे. दहिवडी सोडल्यावर झाडे विरळ झाली. मेंढरांचे कळप दिसले, बैल क्वचितच.

हौसाचे घर गावापासून लांब, माळावर एकटे आहे. शेजारची दोन घरे दुष्काळात उठून गेली, ती परत आली नाहीत. घरात सासू आणि सून दोघीच. तानूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला आहे. उजेड आणि सावली एवढेच त्यांना कळते. मी वर्तमानपत्रातला, असे निर्मलाताईंनी सांगितले.

“पेपरवाला व्हय?” तानूबाई म्हणाल्या. “दुष्काळात बी एक आला हुता. लय लिवून घेतलं त्यानं. पाऊस काय आला न्हाई.”

“आत्या, पावण्याला आसं बोलत्यात व्हय?” हौसा आतून म्हणाली.

“खरं त्ये बोलले. बसा बाबा. भाकरी खावा, मग काय लिवायचं त्ये लिवा.”

बाजरीची भाकरी, हुलग्याचे पातळ माडगे आणि फोडलेला कांदा असे जेवण झाले. हुलगा आमच्याकडे जनावरांना घालतात. माडगे मी दोनदा मागून घेतले. हौसा तिशीच्या आतली. पदर तिने कपाळावर पार पुढे ओढला होता. वाढताना तिचे मनगट दिसले. हातात बांगड्या नव्हत्या.

जेवणानंतर निर्मलाताईंनी जाकिटाचा विषय काढला. तानूबाईंना बरे वाटावे म्हणून त्या म्हणाल्या, “तुमच्या मालकांची पैरण फार चांगली लागली बघा. पाठ अखंड ठेवली हौसाने.”

“मीच काडून दिली,” तानूबाई म्हणाल्या. “किती दीस पेटीत ठिवायची?”

हौसा भांडी आवरत होती. तिचा हात थांबला.

“मामंजींची पैरण न्हवं ती,” ती म्हणाली. “ह्यांचा सदरा हुता.”

निर्मलाताईंनी तिच्याकडे पाहिले. मग तिच्या हातांकडे पाहिले. “ज्ञानू गेला? अगं, कधी? मला काही कळवलं नाहीस.”

तानूबाईंनी तिच्या दिशेने तोंड केले.

“सांग की गं आता. तुज्या तोंडनं ऐकायची कवाधरनं वाट बघतीया मी.”

“मी काय सांगू आत्या? तुमीच सांगायचं. तुमीच ठिवलासा की सदरा माज्याफुडं.”

आमच्या कचेरीत निधनाची बातमी आली की छापण्याआधी एक प्रश्न विचारतात. तो मी विचारला. बातमी आणली कोणी?

मी आधी तानूबाईंना विचारले.

“हिनं बांगड्या उतरल्या,” त्या म्हणाल्या. “मला दिसत न्हाई, खरं ऐकू येतंय. दळताना वाजायच्या त्या वाजंना झाल्या. मला वाटलं, बाजारात मुंबैचं कुणी भेटलं आसंल हिला. म्हातारीला कसं सांगावं म्हणून गप ऱ्हायली आसंल.”

मग हौसाला विचारले.

“आत्यानी सदरा फुडं ठिवला आन् भाईर जाऊन बसल्या. रडत हुत्या. मला वाटलं, गावातनं कुणी सांगावा दिऊन गेलं आसंल, मी रानात आसताना. इचारायचं नसतंय. म्या कापला.”

“आगं बये,” तानूबाई म्हणाल्या, “मी माज्या धन्यासाठनं रडत हुते. त्येची पैरण दिली म्हणून.”

त्या चाचपडत पेटीपाशी गेल्या. पेटीत तळाशी एक पांढरे कापड होते. ते काढून त्यांनी मांडीवर उलगडले आणि छातीच्या जागी हात फिरवला. पैरणीला खिसा नव्हता, ज्ञानूच्या सदऱ्याला होता. दोन्ही एकाच ताग्यातली, एकाच शिंप्याने शिवलेली. पैरण पेटीतच होती.

म्हणजे घडले ते असे. तानूबाईंनी चुकून मुलाचा सदरा दिला. तो नवरा वारल्याचा निरोप आहे असे धरून हौसाने तो कापला आणि बांगड्या उतरवल्या. बांगड्या उतरल्या म्हणून मुलगा वारला असे तानूबाईंनी धरले. माघापासून चैत्रापर्यंत दोघी एकमेकींचे दुःख सांभाळत गप्प होत्या. बाजाराला जाताना हौसा पदर ओढून जाई, त्यामुळे गावात कोणाला काही कळले नाही. ज्ञानूचा सांगावा दिवाळीपासून आला नव्हता. तो वारल्याची बातमी कोणीही आणलेली नव्हती.

सदरा घरातल्या वाकळेत न घालता जाकिटाला का लावला, असे निर्मलाताईंनी विचारले.

“वाकळंत घातला आसता तर रोज अंगावर घ्यायला लागला आसता,” हौसा म्हणाली. “म्हणून लांब धाडला.”

गावची यात्रा आठवड्यावर आली होती. यात्रेला मुंबईची माणसे येतात. त्यांना विचारायचे असे ठरले. तोवर तानूबाईंचे एकच मागणे होते.

“जित्या माणसाचा सदरा कापला आमी. तेवडा मला माघारी आणून द्या, बाई. उसवून पुन्ना सदरा करूया. त्यो यायच्या आदी हुया पायजे.”

हौसा उंबऱ्यावर बसून होती. ती म्हणाली, “आणा बाई.”

सांगली, मग आष्टा

आटपाडी, विटा, तासगाव असे आम्ही सांगलीला पोचलो. तासगावात द्राक्षे घेतली. निर्मलाताईंनी एकही खाल्ले नाही. त्या वाटेत एवढेच म्हणाल्या, “ते जाकीट मी कौतुकाने सगळ्यांना दाखवत होते.”

सांगलीत उस्मानभाईंचे दुकान बंद होते. शेजारचा भडंगवाला म्हणाला, “भाई आष्ट्याला गेल्यात. तिथं नाटक हाय. राजाचं पोट सुटलंय, अंगरखा बसंना झालाय.”

आष्ट्याला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस होता आणि पाटात पाणी वाहत होते. माणमधून आलेल्या डोळ्यांना ते खोटे वाटत होते. नाटकाचा मांडव गावाबाहेर होता. मागच्या बाजूला दोरीवर शेले, अंगरखे, नऊवार शालू लावलेले. एका अंगरख्याची जर लांबून अखंड दिसली. जवळ गेल्यावर कळले की ती वेगवेगळ्या काठांच्या तुकड्यांची आहे आणि सांधा प्रत्येक ठिकाणी फुलाच्या देठाखाली लपवला आहे. उस्मानभाई राजाच्या बगलेत जादा कापडाची कळी बसवत होते.

“श्वास आत घ्या महाराज. आणखी घ्या. राज्य करायचंय का जेवायचंय?”

निर्मलाताईंनी जाकीट परत मागितले.

“दिलेलं माघारी मागायचं ही साताऱ्याची रीत काय, ताई?”

निर्मलाताईंनी घडलेले सांगितले. राजा अंगरख्याची एक बाही घालून तसाच उभा राहिला. मग उस्मानभाईंनी पेटी उघडून जाकीट बाहेर काढले. डाव्या बाहीचा सांधा त्यांनी बोटभर उसवला होता.

“पुढं हातच गेला नाही,” ते म्हणाले. “माझी सुई तिथं बसंना.”

त्यांनी दोरा ओवला आणि सांधा शिवायला घेतला.

“राहू द्या,” निर्मलाताई म्हणाल्या. “त्या सगळंच उसवणार आहेत.”

“त्यांनी उसवायचं ते उसवावं. माझ्याकडनं फाटकं जाणार नाही.”

सांधा पुरा होईपर्यंत आम्ही थांबलो. त्यांनी जाकीट या खेपेला वर्तमानपत्रात गुंडाळले नाही. धुतलेल्या रेशमी शेल्यात बांधून दिले. शेला परत पाठवू का, असे निर्मलाताईंनी विचारले. त्यांनी नुसता हात हलवला आणि ते राजाकडे वळले.

वाडी

तानूबाईंनी जाकीट मांडीवर घेतले. सदरा कुठे आहे हे त्या बोटांनी शोधत होत्या. त्यांना तो सापडत नव्हता. हौसाने त्यांचा हात धरून जाकिटाच्या आत नेला आणि शिवलेल्या खिशावर ठेवला.

“ह्यो बगा.”

“तोंड का शिवलंस?”

“त्यात काय घालायचं ऱ्हायलं हुतं?”

तानूबाईंनी कात्री मागितली. हौसाने खिशाच्या तोंडाचे टाके तोडले. मग तिने पाठीचा एक दोरा सुईच्या टोकाने उचलून ओढला. दोऱ्याबरोबर कापडाचे धागे तुटून आले. मांजरपाट जुना होता आणि धावदोरा फार दाट. तिने दुसऱ्या ठिकाणी पाहिले. तिथेही तेच झाले.

“न्हाई निघणार आत्या,” ती म्हणाली. “दोरा काडला तर कापडच ऱ्हाणार न्हाई. दोऱ्यावरच उबं हाय त्ये.”

“इतकं बारीक कशाला शिवलंस गं?”

हौसाने सुई पदराला खोचली. निर्मलाताई उठून बाहेर गेल्या. जाकीट तसेच ठेवायचे ठरले. तानूबाईंनी ते पेटीत ठेवले, पैरणीवर.

यात्रेच्या दिवशी मी वाडीवर होतो. पालख्या, तमाशा, कुस्त्या हे सगळे गावात चालले होते. हलगीचा आवाज माळापर्यंत येत होता. सकाळी तानूबाई सुनेच्या खांद्याला धरून गावात गेल्या. देवळाच्या बाजूला कासार बसला होता. त्याच्यापुढे त्यांनी हौसाचा हात स्वतः धरला. कासार हौसाच्या रिकाम्या मनगटाकडे पाहून घुटमळला.

“भर,” तानूबाई म्हणाल्या. “हिरव्या भर. दोनी हातात.”

बांगड्या भरल्यावर त्यांनी हौसाला हात हलवायला लावले आणि आवाज ऐकला.

मुंबईचा ट्रक दुपारी आला. आम्ही घरी परतलो होतो. निर्मलाताई आणि हौसा चुलीपाशी होत्या, पुरणाची डाळ शिजत होती. माळावरून दोन माणसे येताना दिसली. डोक्याला नवे फेटे, खांद्यावर टॉवेल. मुंबईत ज्ञानू ज्या खोलीत राहत होता, त्याच खोलीतली ती दोघे होती. अंगणाच्या कडेला आल्यावर त्यांतल्या एकाने हाक मारली.

“ज्ञानू! आरं हायस का रं घरात? भाईर यं गड्या, तोंड तर दाव! मुंबैला इसरलास व्हय रं?”

हौसा दारात आली. तिला पाहून तो हसला.

“काय वैनी, ठिवून घेतलासा जनू आमच्या गड्याला. माघारी धाडायचं नाव न्हाई.”

दुसऱ्याने अंगणात बसलेल्या तानूबाईंकडे पाहिले आणि पहिल्याच्या दंडाला धरले.

नंतर मी दोघांना वेगवेगळे बसवून विचारले. दोघांनी सांगितलेले जुळले. दिवाळीच्या पाडव्याला ज्ञानू ‘गावाला जातो’ म्हणून खोलीवरून निघाला. तो आजारी नव्हता. कोणाशी भांडण नव्हते. ते दोघे त्याला साताऱ्याच्या एस. टी.त बसवून आले. त्याला खिडकीची जागा मिळाली होती. तो घरी पोचला असे खोलीतले सगळे धरून होते. त्याच्याबरोबर एक पिशवी होती. आईसाठी घेतलेले लुगडे आणि बायकोसाठी घेतलेला खण त्याने निघण्याआधी खोलीत सगळ्यांना दाखवला होता आणि पुन्हा घडी करून पिशवीत ठेवला होता.